एकतिसावा पत्ता

"हिलाच बोलवायचं होतं का? परभणीत माणसं संपली होती का काय?"

शुभदानं हे अगदी हळू म्हटलं होतं. पण ज्या टेबलाशी उभं राहून म्हटलं, त्याच टेबलाखाली बबिता खंदारे पालथी पडून तारा चाचपत होती, आणि शुभदाची चप्पल तिच्या कानापासून वीतभर लांब होती.

"मला काय इचारता बाई," बायनाबाईचा आवाज आला. "मी पुसलेली फरशी खराब व्हायलीय, तेवढं मला कळतंय."

टेबलाखालून माणसं पायांवरून ओळखावी लागतात. बबिताला ते अवघड नव्हतं. दहा वर्षं तिनं या ऑफिसातल्या टेबलांखाली काढली होती. शुभदाचं उजव्या पायातलं जोडवं तेव्हाही सैल होतं, आताही होतं, आणि मनासारखं काही घडत नसलं की ती ते शेजारच्या बोटानं ढकलत बसायची. आता ढकलत होती. बायनाबाईच्या टाचांच्या भेगांत चुना भरल्यासारखी फरशीची पांढरी धूळ होती. चार वर्षांत चेहरे जरा सुजले, उतरले होते. पाय तेच होते.

ती बाहेर आली, गुडघे झटकले आणि काहीच ऐकलं नाही अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरची तार सापडली. तेवढा पासवर्ड टाका."

शुभदानं पासवर्ड टाकताना डावा हात कीबोर्डवर आडवा धरला. चार वर्षांपूर्वी हाच पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असायचा. चहावाला पोरगासुद्धा बिनचूक म्हणून दाखवायचा.

"झालं?" शुभदा म्हणाली. बबिताच्या चेहऱ्याकडे बघून नव्हे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून.

"झालं की."

सेलूच्या कापूस बाजारालगत ही दुधनातीर जिनिंग-प्रेसिंग संस्था. पुढं ऑफिस, मागं गोडाऊन, बाजूला वजनकाटा. हंगामात गेटापासून रेल्वे फाटकापर्यंत कापसाचे ट्रॅक्टर उभे राहतात आणि टोकन नंबर पुकारला की एकेक आत येतो. सोमवारपासून ती टोकनं एका नव्या कंपनीच्या मार्फत निघणार होती. कंपनीनं कळवलं होतं, तुमच्या नेटवर्कवर जेवढी यंत्रं आहेत त्या सगळ्यांची यादी द्या. कुठं आहे, कुणाचं आहे, खाली दोघांच्या सह्या. त्याशिवाय आम्ही आमची तार तुमच्या तारेला जोडणार नाही.

अशी यादी संस्थेत कधीच नव्हती. परभणीहून दोन तंत्रज्ञ येऊन गेले. एकानं सगळ्या तारा जिथं एकत्र येतात ते स्विचचं कपाट उघडलं, आतलं जाळं बघितलं आणि चहा न पिता गेला. दुसरा म्हणाला, सगळं उपटून नवीन टाका, महिना लागेल. मग सचिव माणिकरावांना बबिता आठवली.

"खंदारेबाई, एका दिवसाचं काम हाय," ते फोनवर म्हणाले होते. चार वर्षांत पहिल्यांदाच बोलत होते, पण काल सांजच्याला भेटल्यासारखे. "अन् तुमचं ते अनुभवाचं सर्टिफिकेट राहिलंय न्हाई का, ते बी देऊन टाकू."

राहिलंय. जणू कुणी टपालात टाकायला विसरलं होतं.

त्या सर्टिफिकेटसाठी बबितानं अकरा अर्ज केले होते. सोनपेठच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायला माणूस हवा होता. मुलाखत झाली, काम करून दाखवलं, प्राचार्य खूश झाले. तिथला क्लार्क मात्र म्हणाला, "दहा वर्षं काम केलं म्हणता, कागद कुठंय? गुरुवारपर्यंत आणा, न्हाईतर दुसऱ्या नंबरच्या माणसाला बोलवावं लागंल." आज मंगळवार होता. तिच्याकडे संस्थेचा एकच कागद होता आणि त्यावर 'विश्वासार्हतेच्या कारणास्तव सेवा समाप्त' असं लिहिलेलं होतं. तो कागद तिनं कुणाला दाखवला नव्हता, तरी अख्ख्या सेलूनं वाचला होता. एस.टी. स्टँडजवळ तिनं फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान टाकलं, तर येणारी माणसं मोबाईलवर आलेला ओटीपी नंबर सांगताना जरा अडखळायची. काही जण बाहेर जाऊन वाचून यायचे. नवरा नागसेन जिंतूरच्या डेपोत मेकॅनिक. तो म्हणायचा, जाऊ दे, लोक इसरतील. लोक काही विसरले नाहीत.

आता, ही यादी तेव्हाच का नव्हती, हे बबितानं कधी कुणाला सांगितलेलं नाही. यादी तिनंच केली नव्हती.

ती चारठाण्याजवळच्या एका खेड्यातली. बाप छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर जन्मलेला, शाळेत शिपाई; लेकीला बारावीपर्यंत शिकवून थांबला. कॉम्प्युटर ती कुणाकडून शिकली नाही. राउटरच्या खोक्यावरचं वाचून, बिघडलेलं उघडून, शॉक खाऊन शिकली. संस्थेत ती चिकटली ती अकरा महिन्यांच्या करारावर, आणि दर अकरा महिन्यांनी पुन्हा चिकटत राहिली. ऑफिसातली एकूणएक तार तिनं स्वतःच्या हातानं टाकली. मागचे सचिव म्हणाले होते, "बाई, कुठली तार कुठं जाते ते वहीत लिहून ठेवा." तिनं मान हलवली आणि लिहिलं नाही. आळसानं नव्हे. ज्या दिवशी हे वहीत उतरेल त्या दिवशी बारावा महिना आपल्याला दिसणार नाही, एवढं तिला कळत होतं. वही असली की कुणीही वाचील. डोकं मात्र तिला सोडून कुणाला नेता येणार नव्हतं. स्वतःच्या या हुशारीवर ती तेव्हा फार खूश होती.

मग चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या एका रविवारी, ऑफिस बंद असताना, टोकनांची यादी बदलली. चाळीस नंबर मागचे पुढं आले. तीन-तीन दिवस फाटकाशी मुक्काम ठोकलेले शेतकरी सोमवारी सकाळी हे बघून खवळले, माणिकरावांच्या केबिनची काच फुटली, चौकशी लागली. चौकशीत निघालं की नेटवर्कवरच्या सत्त्याहत्तर नंबरच्या पत्त्यावरून बदल झालाय. सत्त्याहत्तर कुणाचा? कुणाला माहीत नव्हतं. बबिताला विचारलं. ती म्हणाली, मलाही माहीत नाही, कपाट उघडून तार शोधू द्या. तेव्हा चौकशीवाले हसले होते. "सगळ्या तारा तुमच्या डोक्यात हायत म्हणता, मग एवढाच नंबर डोक्यात न्हाई?"

ती म्हणाली, मी त्या दिवशी चारठाण्याला भावाच्या घरी होते. ते म्हणाले, घरच्यांची साक्ष चालत नाही. आणि शुभदानं लिहून दिलं की त्या रविवारी दुपारी आपण बबिताला ऑफिसच्या गेटातून आत जाताना पाहिलं.

सहा वर्षं दोघींनी एका डब्यात जेवण केलं होतं.

असो. आज सकाळी दहाला ती आली, लॅपटॉप लावला आणि नेटवर्कवर हाक मारून बघितली. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, गल्लीतल्या घराला असतो तसा. एक ते दोनशे चोपन्न, प्रत्येक दारावर टकटक करायची. आतून ओ आली की घरात कुणीतरी आहे. एकतीस दारांतून ओ आली. त्यातली चोवीस तिनं न बघता ओळखली. हात घातला की तार सापडायची, कारण प्रत्येक निळ्या तारेला तिनं टोकाशी हातभर वेटोळं जादा सोडलेलं होतं. उद्या टेबल सरकवलं तर ताण येऊ नये म्हणून. ती वेटोळी तशीच होती, फक्त त्यांत पाली राहायला आल्या होत्या.

राहिले सात. अशा अनोळखी पत्त्यांसाठी तिची एक जुनी रीत होती. कपाटातून एक तार काढायची, गप उभं राहायचं आणि कोण ओरडतं ते ऐकायचं. पुस्तकात ही रीत कुठं लिहिलेली नसेल, पण सरकारी-सहकारी ऑफिसात हिच्याइतकी खात्रीची दुसरी रीत नाही. माणूस कामाला हाक मारून उठत नाही. तार काढली की उठतो.

तिनं पहिली तार काढली.

"अरे, हजेरीचं मशीन बंद पडलं," वजनकाट्याकडून कुणीतरी ओरडलं. "माझा अंगठा अर्धाच घेतला."

लिहिलं : हजेरी यंत्र, गेटाजवळ.

दुसऱ्या तारेला चेअरमनच्या केबिनमधला टीव्ही गेला. चेअरमन नव्हते, पण टीव्ही बघणारे दोघं होते. त्यांनी दार उघडून बबिताला पाहिलं आणि एक दुसऱ्याला म्हणाला, "ही परत आली काय रे? कपाटाला कुलूप लावा मनाव." दुसरा हसला. बबितानं तार परत लावली आणि लिहिलं : टीव्ही, चेअरमन केबिन. हसण्याला रकाना नव्हता.

दोन कॅमेरे सापडले. एक पत्ता माणिकरावांच्या मोबाईलचा निघाला. ते म्हणाले, "हे कामून लिहायला?" ती म्हणाली, "नेटवर्कवर हाय म्हणून." त्यांनी खिसा असा दाबून धरला की जणू ती फोन काढून घेणार होती.

अकराला सगळ्यांना चहा आला. बायनाबाईनं ट्रे फिरवला आणि बबिता चढली होती त्या शिडीजवळ येऊन रिकामा दाखवला. "मापात केलता. तुमी येणार म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

"असू द्या, मावशी."

"असू द्याच म्हणावं लागतंय," बायनाबाई पुटपुटत गेली.

सहावा पत्ता मात्र कुणी ओरडायलाच तयार नव्हता. तार काढून ती पाच मिनिटं उभी राहिली. कुणाचं काही अडलं नाही. मग तिनं ती तार हातात धरून भिंतीभिंतीनं चालायला सुरुवात केली, आणि स्टोअरच्या खोलीत रिकाम्या बारदानाच्या ढिगाशी येऊन पोचली. बारदान उचललं तर खाली जुना मोठा प्रिंटर, चालू, दिवा लुकलुकतोय. आणि त्याच्या डोक्यावर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा.

"हात लावू नका त्याला," मागून बायनाबाई आली. "मपला हाय."

"प्रिंटर?"

"डबा. हितं ठिवला की दुपारपोतर गरम ऱ्हातो. तीन वर्सं झाली ठिवायलेय. आता बंद करता का काय ते?"

बबितानं डबा दोन्ही हातांनी उचलून तिच्या हातात दिला. मग लिहिलं : प्रिंटर, स्टोअर रूम, चालू. कोण वापरतं, या रकान्यात तिनं जरा विचार केला आणि 'कार्यालय' असं लिहिलं. बंद केला नाही. बायनाबाईनं ते पाहिलं, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. पुसलेल्या फरशीबद्दल मात्र अजून एकदा बोलली.

सातवा पत्ता तिला सकाळीच दिसला होता. एकतीस पत्ते पडद्यावर उमटले तेव्हा सगळ्यांत आधी दिसला तोच. तिनं तो शेवटी ठेवला, दुखऱ्या दाढेनं चावायचं आपण शेवटी ठेवतो तसा.

सत्त्याहत्तर.

तिनं स्वतः दिलेले पत्ते साठच्या पुढं कधी गेले नव्हते. राउटर आपल्या मनानं देतो ते शंभरानंतरचे. मधली जागा तिनं मोकळी ठेवलेली. तिथं सत्त्याहत्तर आपोआप येऊच शकत नव्हता. कुणीतरी हातानं लिहिलेला. पण पत्ता काय, माणसासारखा यंत्रालाही बदलता येतो. म्हणून तिनं त्याच्यापुढचा बारा अक्षरांचा क्रमांक बघितला. हा यंत्राच्या अंगावर कारखान्यातच कोरलेला असतो. चौकशीच्या कागदाला जोडलेल्या पानावर तो छापलेला होता, आणि गेली चार वर्षं बबिताला तो पाठ होता. तिनं पडद्यावरची बारा अक्षरं एकेक करून वाचली. मग उलटी वाचली. तीच होती.

ती चार वर्षं इथं नव्हती. सत्त्याहत्तर मात्र इथंच होता, चालू होता आणि विचारलं की ओ देत होता.

तिनं कपाटात हात घातला. ती तार राखाडी होती. वेटोळं नव्हतं, कुणीतरी ओढून ताणून बसवलेली, तारेची काळजी नसलेल्या हाताची. खिडकीच्या वरच्या भोकातून ती बाहेर गेली होती. बबिता जिन्यानं गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीआड एका पाइपाला पांढरी डबी बांधलेली होती, तळहाताएवढी, बिनतारी. डबीचं तोंड रस्त्याच्या पलीकडे होतं. पलीकडे चेअरमनच्या पुतण्याचं, हरिओमचं, बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं, आणि त्याच्या गच्चीवर तशीच दुसरी डबी इकडे तोंड करून होती. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या होत्या.

बबिता टाकीला टेकून जरा वेळ उभी राहिली. खाली रस्त्यावर एक माणूस ट्रॅक्टरला हात दाखवून मागं घ्यायला सांगत होता. तिला राग आला नाही. राग येईल असं तिला चार वर्षं वाटत होतं, त्याची तयारीही होती. इतकं सोपं होतं. कुणीही गच्चीवर आलं असतं तर दिसलं असतं. वाळवणं घालायला बायनाबाई रोज येत असेल.

ती खाली आली. ऑफिसात शुभदा टाइप करत होती, बायनाबाई काचा पुसत होती, माणिकराव केबिनच्या दारात उभं राहून घड्याळ बघत होते.

"किती राहिले?"

"एक," बबिता म्हणाली आणि राखाडी तार काढली.

ती गप उभी राहिली. ऑफिसात काहीच झालं नाही. शुभदाची बोटं चालू होती. पंखा चालू होता. माणिकराव म्हणाले, "ह्याला बी कुणी ओरडंना. बंद पडलेलं असंल काहीतरी, सोडून द्या."

"थोडं थांबू, सर."

दोन मिनिटं गेली असतील. मग गेटाकडून चपलांचा फटफट आवाज आला आणि हरिओम आत शिरला. तिशीचा, पांढरा शर्ट, हातात अर्धवट फाटलेलं बिलाचं पुस्तक.

"माणिककाका, कुणी काढली लाइन? गिऱ्हाईक उभं हाय माझं, अर्ध्यात बंद पडलं सगळं."

शुभदाची बोटं थांबली.

बबितानं तार हातात तशीच धरली होती. "कोणती लाइन, हरिओमभाऊ?"

हरिओमनं तेव्हा कुठं तिच्याकडे पाहिलं. "तुमी? तुमाला कुणी आत घेतलं? एकदा काढलं ना तुमाला हितून?"

"काढलं. लाइन कोणती म्हणता?"

"माझ्या दुकानाची. चोरून न्हाई घेतली, चुलत्यानं दिलीय. दुकान उघडलं तवापासून हाय."

"दुकान कधी उघडलं?"

"तुमाला काय करायचंय?"

"त्या दसऱ्याला न्हाई का," काच पुसता पुसता बायनाबाई म्हणाली. "पेढे वाटले व्हते. त्याच दिवाळीच्या मागून तर ती काच फुटली केबिनची." आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिनं फडकं पिळायला घेतलं. ते कोरडंच होतं.

दसरा आधी, दिवाळी नंतर, एवढं सगळ्यांना कळत होतं.

"लाइन लावा आधी," माणिकराव म्हणाले. "हरिओम, तू जाय दुकानात. लागंल."

"अन् हिला बाहेर काढा. आज नेट गेलंय, उद्या आणिक काय जाईल," हरिओम दारातून म्हणाला. "सवयी जात नसतेत माणसाच्या."

बबितानं तार लावली.

माणिकरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच ठेवलं. बाईमाणूस आत असलं की ते दार उघडं ठेवायचे, या बाबतीत ते फार नीतीचे होते. खणातून एक कागद काढून त्यांनी तिच्यापुढं सरकवला. संस्थेचा शिक्का होता, सही होती. बबिता नागसेन खंदारे यांनी दहा वर्षे संगणक विभागात काम केले. काम समाधानकारक. वर्तणूक चांगली.

चांगली. तिनं तो शब्द तीनदा वाचला.

"घ्या," माणिकराव म्हणाले. "अन् यादीत तीस लिवा."

"एकतीस हायत, सर."

"एकतिसावं आपलं हाय का? न्हाई. संस्थेच्या यादीत परक्याचं यंत्र कशाला? कंपनीला आपली यंत्रं पायजेत. हिशोबानं बगा, यादी तिसाचीच व्हायला पायजे."

बोलणं चूक म्हणता येत नव्हतं. हेच माणिकरावांचं कसब होतं. बबितानं कागद उचलला. गुरुवारी तो सोनपेठच्या क्लार्कपुढं ठेवायचा, तो दोनदा उलटून बघणार, शिक्का नखानं खरवडून बघणार आणि मग म्हणणार, या सोमवारी. एस.टी.नं रोज जायचं, रोज यायचं. लॅबमध्ये चाळीस पोरं. तिथं कुणी कीबोर्डवर हात आडवा धरणार नाही. तिनं कागद परत टेबलावर ठेवला, घडी न घालता.

"यादी टाइप करून आणते," ती म्हणाली.

लॅपटॉपवर तीस ओळी तयार होत्या. एकतिसाव्या ओळीवर नुसती रेघ लुकलुकत होती. तिनं ती थोडा वेळ बघितली. मग लिहिलं : पत्ता सत्त्याहत्तर. संगणक, हरिओम कृषी दुकान, रस्त्यापलीकडे. गच्चीवरील बिनतारी जोडणीद्वारे. त्यापुढं बारा अक्षरांचा क्रमांक, पडद्याकडे न बघता. मग शुभदाच्या टेबलावरच्या प्रिंटरला पाठवलं.

कागद शुभदाच्या पुढ्यातच बाहेर आला. तिनं तो उचलला आणि खालपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीशी तिची नजर अडकली तशीच राहिली. माणिकराव बाहेर आले आणि तिच्या हातून त्यांनी कागद घेतला.

"खंदारेबाई," वाचून झाल्यावर ते म्हणाले, "सोनपेठला जायचं न्हाई का तुमाला?"

"जायचंय."

"मग?"

"मागच्या बारी यादी नव्हती म्हणून माझं नाव लागलं, सर. यादी मी केली नव्हती, ती चूक मपलीच. आता केलीय. अर्धी न्हाई करता येत."

माणिकराव मग केबिनमध्ये गेले, खण ओढल्याचा आवाज आला, कुलपाचा आवाज आला. परत येऊन त्यांनी कागद शुभदापुढं टाकला.

"शुभदाबाई, ही यादी परत टाइप करा. तीस. अन् सही तुमीच करा, नेटवर्कचा चार्ज आता तुमच्याकडं हाय. ह्यांचं काम झालं. जाऊ द्या ह्यांना."

बबितानं लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला. तिला निघायचंच होतं. सोनपेठ गेलं होतं, आणि त्याचं जे काही रडायचं ते घरी जाऊन रडता येणार होतं. पण शुभदानं टाइप करायला सुरुवात केली नाही. ती कागदाकडे बघत बसली होती आणि टेबलाखाली जोडवं ढकलल्याचा बारीक आवाज येत होता.

"करा की," माणिकराव म्हणाले. "चारला कंपनीचा माणूस येईल."

"सर, उद्या टोकनात परत काही झालं," शुभदा म्हणाली, "आणि परत हाच नंबर निघाला, तर कुणाचं नाव लावणार तुम्ही? चार्ज माझ्याकडं आहे. माझं?"

"तुमचं कसं लावू बाई? काहीतरीच बोलायला लागलात."

"नाही लावणार. तेच म्हणायलेय मी." तिचा आवाज मोठा नव्हता, पण बायनाबाईनं फडकं खाली ठेवलं. "माझं नाव लावलं तर दुसऱ्या दिवशी आमच्याकडची चार माणसं तुमच्या केबिनमध्ये येऊन बसतील. हरिओमचं लावायची तर कुणाची छातीच नाही. मग राहिलं कोण?"

"शुभदाबाई, जुनं कामून उकरायलात? झालं ते झालं."

"त्या रविवारी ही चारठाण्याला होती, सर. भाचीचं बारसं होतं. मला माहीत होतं, कारण माझीच साडी नेसून गेलती. मोरपंखी. सोमवारी सकाळी तिनं ती इस्त्री करून मला आणून दिली, पिशवीत वरून बारशाचे घुगरीचे दाणे ठेवून. मी ते खाल्ले. आणि मंगळवारी तुम्ही कागद पुढं केला, तर लिहून दिलं की मी हिला गेटात पाहिलं."

माणिकरावांनी गेटाकडे पाहिलं, कुणी येतंय का म्हणून. कुणी येत नव्हतं.

शुभदानं एकतीस ओळींचा तोच कागद उचलून सरळ केला, खाली सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा बबिताकडे बघितलं. बोलली मात्र माणिकरावांशीच.

"हिनं केलेलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, या बायनाबाईला माहीत होतं. खंदारे आडनाव होतं म्हणून सोपं गेलं, सर. तेवढंच कारण होतं."